गुरुवारची खरवडलेली रेघ

मी एक जुना बॅरोग्राफ आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका, माझे काम अगदी साधे आहे. हवेला वजन असते. ते तुमच्या डोक्यावर आणि खांद्यांवर रात्रंदिवस असते, पण जन्माची सवय असल्यामुळे तुम्हाला ते कळत नाही. मला कळते. हवेचा दाब वाढला की माझी रेघ वर चढते, कमी झाला की खाली उतरते. सत्तर वर्षे मी ही एकच रेघ ओढतो आहे. खरे सांगायचे तर आता मी थकलो आहे.

माझ्या पोटात पत्र्याच्या आठ पोकळ डब्या एकावर एक रचलेल्या आहेत. त्यांच्यातली हवा काढून घेतलेली आहे, म्हणून बाहेरची हवा त्यांना दाबते आणि सोडते. त्या हलल्या की एक लांब दांडी हलते, आणि दांडीच्या टोकाला जांभळ्या शाईची निब आहे. समोर एक ड्रम आहे. त्याच्या आत घड्याळ असते आणि बाहेरून आठवड्याचा आखीव कागद गुंडाळलेला असतो. ड्रम सात दिवसांत एकदा फिरतो. सोमवारी सकाळी आठ वाजता जुना कागद काढायचा, नवा लावायचा, घड्याळाला चावी द्यायची आणि निबेत शाईचा थेंब सोडायचा. या सगळ्यावर काचेची पेटी आहे आणि पेटीच्या तळाला कोरे कागद ठेवायचा एक खण आहे. हा खण लक्षात ठेवा.

मला घडवणारा कारागीर खोकल्याने बेजार होता. खोकला आला की तो तोंडावर हात धरून बाहेर जायचा, कारण त्याच्या खोकल्याने माझी दांडी थरथरायची आणि मग सगळे जुळवणे पहिल्यापासून करावे लागायचे. शेवटच्या दिवशी त्याने मला काचेच्या घुमटाखाली ठेवले, हवा थोडी काढली, थोडी सोडली, माझी रेघ भिंग लावून पाहिली आणि शेजारच्याला म्हणाला, "यंत्र ठीक आहे. आता पुढे माणसं कशी मिळतात ते बघायचं." मग मला भुशाच्या खोक्यात घातले आणि मी प्रवासाला निघालो.

मी पोहोचलो तो एका बंदराजवळच्या लहानशा वेधशाळेत. पुढे कचेरीच्या दोन खोल्या, मागे निरीक्षकाला राहायला दोन खोल्या आणि मधे एक दार. अंगणात पाऊस मोजायचे भांडे, तापमापकांची पांढरी पेटी आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण. तो बाण गंजल्यामुळे वारा बदलला की जो काही विव्हळायचा, की आल्यागेल्याला वाटे इथे कोणी आजारी आहे. पहिले दोन निरीक्षक आले आणि गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. एक फार झोपाळू होता आणि दुसरा फार नेमका.

तिसरे आले ते हवामास्तर. हे नाव त्यांना बंदरावरच्या लोकांनी दिले. चाळीत बोलावे तसे मोठ्याने बोलणारे, पण आतून भित्रे. नोकरी तात्पुरती होती. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची, आणि ते पत्र येईपर्यंत मास्तरांना अन्न गोड लागायचे नाही. कागदाचा एक कोपरा दुमडला गेला तरी त्यांच्या तोंडचे पाणी पळे. त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली. तिला सगळे काकू म्हणत. वय जेमतेम तिशीचे, तरी काकू.

मास्तर रोज दीड वाजता सकाळचे आकडे घेऊन तारघरात चालत जायचे आणि अडीचला परत यायचे. पण दुपारची नोंद दोन वाजता घ्यायची असा वरचा हुकूम होता. एकच माणूस दोन ठिकाणी कसा असणार? तेव्हा ती नोंद काकू घेऊ लागल्या. हे कुठल्या कागदावर नव्हते. दोनला पाच कमी असताना मधले दार उघडायचे. काकू हात कोरडे करून येत, श्वास रोखत, माझ्या काचेवर नखाने एक टिचकी मारत आणि निब स्थिर होईपर्यंत थांबत. मग डोळा रेघेच्या बरोबरीने आणून आकडा वाचत. त्या कच्च्या कागदावर लिहीत, मास्तर आल्यावर पक्क्या वहीत उतरवून खाली सही करत.

मास्तर आकडा वाचत, काकू रेघ वाचत. हा फरक मला पहिल्याच महिन्यात कळला. एकदा दुपारी माझी रेघ घसरायला लागली. फार नाही, पण त्यांना तिची चाल आवडली नाही. मास्तर तारघरात होते. काकू तशाच धक्क्यावर गेल्या आणि होडीवाल्यांना म्हणाल्या, "आज बाहेर जाऊ नका." होडीवाले हसले, पण थांबले. संध्याकाळी असे वादळ आले की धक्क्यावरचे दोन दिवे उखडून पडले. दुसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी येऊन माझ्या काचेवर हात फिरवला आणि मास्तरांचे आभार मानले. मास्तरांनी ते मानून घेतले. काकू दाराआडून हसत होत्या. तेव्हा त्यांना त्याचे काही वाटत नव्हते, कारण रोज दोन वाजता मी त्यांचा होतो.

आणि मग तो बुधवार आला.

त्याची गोष्ट अशी, की जगाच्या पाठीवर फार लांब, समुद्राच्याही पलीकडे, एक डोंगर फुटला. ज्वालामुखी असा फुटतो तेव्हा धूर, राख, आग हे सगळे जवळच्यांना दिसते. पण त्याबरोबर हवेलाही एक दणका बसतो, आणि तो दणका लाट होऊन चहूकडे पसरतो. तिचा आवाज इतका खालचा असतो, की खर्जाच्याही खाली कितीतरी. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. झाडाचे पान हलत नाही, दाराची कडी वाजत नाही. पण ती लाट आवाजाच्याच वेगाने पृथ्वीवरून धावत जाते. आमच्या गावापर्यंत यायला तिला आठ तास लागले. दोन वाजून पाच मिनिटांनी माझ्या आठही डब्या एकदम दबल्या आणि लगेच सुटल्या. निब तांदळाच्या दाण्याएवढी वर उडाली, तितकीच खाली आली आणि पुन्हा जागेवर बसली.

काकू समोरच उभ्या होत्या. टिचकी मारून झाली होती, आकडा लिहून झाला होता, त्या निघायला वळल्या होत्या. त्यांनी ती उडी पाहिली आणि त्या परत आल्या. खिडकीकडे पाहिले, दाराकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले. कच्च्या कागदावर वेळ लिहून ठेवली.

अडीचला मास्तर आले. त्यांना माझ्या कागदावर त्या उडीची खिळ्यासारखी उभी रेघ दिसली आणि त्यांचा चेहरा पडला. त्याला कारण होते. शनिवारी मुख्य कचेरीतून तपासनीस येणार होते, आणि मास्तरांना कायम करायचे की घरी पाठवायचे हे तेच ठरवणार होते.

"काय केलंस हे?" मास्तर म्हणाले.

"मी काही नाही केलं. आपोआप उडालं ते. वेळसुद्धा लिहून ठेवलीये बघा."

"आपोआप? तीस वर्षांत आपोआप उडालं नाही ते आज उडालं?"

"अहो, मी हात नाही लावला."

"मग काय भुताने लावला?"

मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला तोंड नाही. मला जे सांगायचे होते ते मी कागदावर सांगून टाकले होते, आणि त्याचा अर्थ लावणारे माणूस समोर उभे राहून आरोपी झाले होते. मास्तरांनी काकूंना बाहेर जायला सांगितले. मग नियमाप्रमाणे त्यांनी त्या खिळ्याशेजारी बारीक अक्षरात लिहिले: घरातील व्यक्तीकडून झाडलोट करताना टेबलास धक्का. मधल्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहा वाजता माझी निब पुन्हा उडाली.

मित्रांनो, हे कसे ते सांगतो. पृथ्वी गोल आहे. डोंगर फुटल्यावर लाट सगळ्या दिशांना निघते. तिचा एक भाग जवळच्या वाटेने आमच्याकडे आला, तो बुधवारचा. दुसरा भाग उलट्या बाजूने, अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून आला, तो गुरुवारचा. आणि जी बुधवारी पुढे निघून गेली होती, ती पूर्ण फेरी मारून छत्तीस तासांनी परत येणार होती. अशा फेऱ्या ती थकेपर्यंत मारते. या एका बाबतीत तिचे आणि माझे जमते.

गुरुवारी दहा वाजता खोलीला कुलूप होते. मास्तर अंगणात होते, काकू विहिरीवर. मास्तर आत आले आणि त्यांनी दुसरा खिळा पाहिला. त्या क्षणी त्यांना कळले होते, हे मी शपथेवर सांगतो. कुलूपबंद खोलीत झाडलोट कोण करणार? पण दुसरा खिळा खरा मानला तर पहिल्याशेजारची नोंद खोटी ठरत होती, आणि तपासनीस दोन दिवसांवर आले होते. मास्तरांनी दाढीचे पाते आणले. ड्रम जागचा न हलवता त्यांनी श्वास रोखून दुसरा खिळा खरवडून काढला, शाईची भुकटी फुंकरीने उडवली आणि बारीक टाकाने सरळ रेघ जोडून दिली. काम इतके सफाईदार झाले की एखाद्या सोनाराने मान डोलवावी. कागद ड्रमवर असेपर्यंत ते कोणाच्या बापाला दिसले नसते. पहिला मात्र त्यांना खरवडता आला नाही, कारण शेजारी त्यांची स्वतःची नोंद आणि सही होती.

शनिवारी तपासनीस आले. चष्मा पुसून त्यांनी माझा कागद पाहिला आणि बुधवारच्या नोंदीवर बोट ठेवले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. पण तपासनीस खूश झाले. म्हणाले, "बाकीचे लोक असे धक्के लपवतात. तुम्ही स्वतःच्या घरातली चूक लिहून ठेवलीत. याला म्हणतात प्रामाणिकपणा." त्यांनी लाल शाईने शाबासकी लिहिली. मग हसत हसत म्हणाले, "फक्त घरातल्या बायकांना यंत्रांपासून लांब ठेवा म्हणजे झालं." मास्तरही हसले. मधल्या दारापलीकडे कपबश्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

मास्तर कायम झाले. काकू त्या खोलीत पुन्हा कधी आल्या नाहीत. मास्तरांनी पुढच्याच आठवड्यात कुलूप काढले होते, दोनच्या नोंदीसाठी दोनदा हाकही मारली होती. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी झाडलोट करतेय." त्यानंतर मास्तरांनी वेळ सांभाळायला सायकल घेतली.

दोन महिन्यांनी मुख्य कचेरीचे परिपत्रक आले. सगळ्या वेधशाळांना विचारले होते, की अमुक आठवड्यात दूरच्या ज्वालामुखीमुळे हवेच्या दाबाची लाट आल्याची शक्यता आहे, तरी आपल्या कागदावर काही दिसत असल्यास मूळ कागद पाठवावा. मास्तरांनी ते चार वेळा वाचले. मधल्या दाराकडे पाहिले. मला वाटले, आता हे उठतील, आत जातील आणि दोन शब्द बोलतील. ते उठले खरे, पण त्यांनी दार लोटून घेतले. खरवडलेला कागद वर पाठवला तर नोकरी जाणार, आणि आत जाऊन सांगितले तर काकू म्हणणार, पाठवा. त्यांनी उत्तर लिहिले: विशेष काही आढळले नाही. तो कागद 'ओलीने खराब' म्हणून यादीतून कमी केला आणि माझ्या पोटातल्या खणात, तळाच्या पुठ्ठ्याखाली सरकवून ठेवला. तेव्हापासून तो माझ्यापाशी आहे. आठ डब्यांचे ओझे मला कधी वाटले नाही, त्या एका कागदाचे वाटत आले.

पुढची वर्षे जशी जातात तशी गेली. मास्तरांना एक लेक होती, ती मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी दवाखान्यात नोकरीला लागली. वेधशाळेत नवी यंत्रे आली, त्यांना ना शाई लागत होती ना माणूस. मला मोडीत काढले. मास्तर निवृत्त होताना साहेबांनी विचारले, "काही हवंय का आठवण म्हणून?" मास्तर म्हणाले, "तो बॅरोग्राफ द्या." सगळ्यांना वाटले, केवढा हा जीव यंत्रावर! मला खणातला कागद आठवला.

मग मी त्यांच्या घरी आलो, बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर. मास्तर सोमवारी कागद बदलत राहिले. कोणाला त्याची गरज नव्हती. काकू घर लख्ख ठेवत. पण त्यांचा फडका माझ्या टेबलापासून वीतभर अलीकडे थांबायचा. टेबलाभोवती धुळीची एक चौकट तयार झाली होती. लेक आली की म्हणायची, "आई, एवढं घर पुसतेस आणि हा कोपरा तेवढा ठेवतेस होय?" काकू म्हणायच्या, "ते तुझ्या बाबांचं खातं आहे." मास्तरांना वाकायला जमत नव्हते, त्यामुळे धूळ तशीच राहायची. ती माझ्या घड्याळात शिरली आणि मी आठवड्याला वीस मिनिटे मागे पडू लागलो. म्हाताऱ्या माणसाचे आणि म्हाताऱ्या यंत्राचे घड्याळ कोण मिळवत बसतो?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवार होता, चार वाजून गेले होते. काकू खिडकीपाशी बसून मास्तरांच्या स्वेटरचे कोपर रफू करत होत्या. मास्तर समोरच्या भिंतीशी आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते. मधे अख्खी खोली आणि मी माझ्या कोपऱ्यात. इतक्यात माझ्या डब्या दबल्या. चाळीस वर्षे झाली होती तरी तो दाब मी ओळखला. निब वर उडाली, खाली आली, बसली.

निबेचा बारीक आवाज झाला असावा. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिले. मास्तर ताडकन उठून बसले आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "कोणी हात लावला?"

काकूंनी सुई थांबवली. "मी इथे आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथे आहात. आणि मांजर आपण पाळलेलं नाही."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. वर्तमानपत्र उचलले, पण ते उलटे धरले होते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. काकूंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला. लेक सांगत होती, "आई, बातम्या पाहिल्यास का? केवढा मोठा ज्वालामुखी फुटलाय! म्हणे त्याची हवेची लाट सगळ्या जगभर फिरतेय. बाबांच्या यंत्रावर काही दिसलं का?"

"दिसलं," काकू म्हणाल्या. "पुन्हा येईल का ती?"

"हो म्हणे. उलट्या बाजूनं उद्या येईल. मग परत पहिली, छत्तीस तासांत फेरी मारून. का गं?"

"काही नाही. जेवलीस का?"

रविवारी सकाळी काकूंनी कामे लवकर उरकली, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर, त्या धुळीच्या चौकटीच्या बाहेर मांडली. हात मांडीवर ठेवून त्या बसल्या. मास्तर दोनदा म्हणाले, "अगं, जेवून घे." त्यांनी ऐकले नाही. मग मास्तरही दारापाशी स्टूल घेऊन बसले. बाराच्या सुमारास निब उडाली. कालच्यापेक्षा थोडी कमी, पण उडाली.

काकूंनी मान वळवली नाही. "अहो," त्या म्हणाल्या, "त्या गुरुवारी काय झालं होतं?"

"कुठल्या गुरुवारी?" मास्तर म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली गेला होता.

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी."

"गुरुवारी खोलीला कुलूप होतं."

"ते मला माहितीये. किल्ली तुमच्या खिशात होती. मी विचारतेय, कागदावर काय झालं होतं?"

मास्तर उठले. गुडघे धरून माझ्यापुढे जमिनीवर बसले. खण ओढला, कोरे कागद बाजूला केले आणि तळाच्या पुठ्ठ्याखालून तो कागद काढला. तो पिवळा पडला होता, पण माझी जांभळी रेघ जशीच्या तशी होती. काकूंनी चष्मा लावला. आधी बुधवारचा खिळा पाहिला, मग शेजारची नोंद मोठ्याने वाचली.

"झाडलोट करताना," त्या म्हणाल्या. "मी दोनची नोंद घेत होते हो. हात कोरडे करून, श्वास रोखून. तुम्ही झाडलोट लिहिलंत?"

काकूंनी कागद खिडकीच्या उजेडापुढे धरला. गुरुवारच्या सकाळी एके ठिकाणी कागद पातळ झाला होता आणि तिथून उजेड जास्त येत होता. पात्याने शाई गेली होती, पण निबेने दाबलेला वळ उरला होता. काकूंनी त्यावरून बोट फिरवले.

"मला कायम व्हायचं होतं," मास्तर म्हणाले.

"झालात ना?"

"झालो." मग जे सांगायचे राहिले होते तेही त्यांनी सांगून टाकले. परिपत्रक आल्याचे, त्याला दिलेल्या उत्तराचे आणि लपवलेल्या कागदाचे.

"म्हणजे तुम्हाला दोन महिन्यांत पक्कं कळलं होतं."

"हो."

"आणि मला म्हातारपणी सांगताय."

"चुकलो गं," मास्तर म्हणाले आणि रडायला लागले. काकू आत गेल्या. मला वाटले, भांडी आपटतील. आपटली नाहीत. थोड्या वेळाने त्या चहा घेऊन आल्या. कप एकच होता आणि तो त्यांचा होता. खुर्चीत बसून त्यांनी तो सावकाश संपवला. मग पुन्हा कागद उचलून उजेडापुढे धरला आणि विचारले, "हे काय आहे?"

"काय?"

"शुक्रवारी. पहाटे दोनला. रेघ जाड झालीये बघा, मुंगी बसल्यासारखी." त्यांनी बोटाने कागदावरची घरे मोजली. बुधवारी दुपारचे दोन ते शुक्रवारी पहाटेचे दोन, छत्तीस तास. "ही तिसरी. ही खरवडायची राहिली तुमची."

चाळीस वर्षांत मास्तरांना ती दिसली नव्हती. त्यांनी ती आत्ता पाहिली आणि रडायचे थांबून नुसते पाहत राहिले.

"वही आणा," काकू म्हणाल्या. "त्या परिपत्रकाला उत्तर द्यायचं आहे."

"आता? अगं, त्यातलं कोण जिवंत असेल?"

"कचेरी आहे ना? लिहा. उत्तर देण्यास विलंब झाला, क्षमस्व."

"किती विलंब लिहू?"

"चाळीस वर्षांचा. का पोस्टानं उशीर केला असं लिहिणार?"

दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर त्यांनी लिहिले, की विशेष आढळले होते. बुधवारी दोन वाजून पाच मिनिटांनी, गुरुवारी दहा वाजता, शुक्रवारी पहाटे दोन वाजता. गुरुवारची नोंद मी पात्याने खरवडली. टेबलास कोणाचाही धक्का लागला नव्हता. मग ते थांबले आणि कोणी न सांगता एक ओळ आणखी लिहिली: या वेधशाळेतील दुपारची नोंद सात वर्षे माझी पत्नी घेत असे. काकूंनी ते वाचले. मूळ कागद जोडला आणि पाकीट स्वतःकडे ठेवले. टपालात टाकायचे काम त्यांनी मास्तरांवर सोडले नाही.

मित्रांनो, त्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही, आणि येईल असे मला वाटतही नाही. माझे घड्याळ मागे पडते, माझ्या दोन डब्या नीट फुगत नाहीत, शाईच्या बाटलीत दोन बोटे शाई उरली आहे. जुन्या यंत्राने आता तुमच्याकडे तेलाचा थेंब आणि मऊ फडका मागावा, अशी रीत आहे. तो तुम्ही द्याच. पण मला खरी विनंती वेगळीच करायची आहे. ज्या रेघेचा अर्थ लागत नाही, ती खरवडू नका. तशीच राहू द्या, कधीतरी कोणाला तरी लागेल. आणि घरातले माणूस म्हणाले की मी हात लावला नाही, तर निदान गुरुवारपर्यंत थांबा. गुरुवारी खरे समोर आले, तर ते त्या माणसाला गुरुवारीच सांगा.

आता त्या रविवारनंतरच्या सोमवारचे सांगतो आणि थांबतो. सकाळी आठला मास्तर नेहमीप्रमाणे कोरा कागद घेऊन उठले, तर काकू आधीच उभ्या होत्या. "सरका," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात ओला फडका होता. धुळीची चौकट त्यांनी पुसून काढली. हात कोरडे केले. माझी पेटी उघडली, आठवड्याचा कागद काढला, त्या पहाटे चारला आलेल्या तिसऱ्या उडीवर पेन्सिलीने खूण केली. नवा कागद गुंडाळला, घड्याळाला चावी दिली, निबेत शाई सोडली. एवढ्या वर्षांनीही त्या काही विसरल्या नव्हत्या. मग पेटी बंद करून, श्वास रोखून त्यांनी माझ्या काचेवर नखाने एक टिचकी मारली. माझ्या निबेने नव्या कागदावर बारीकशी खूण काढली, आणि ती स्थिर होईपर्यंत त्या थांबल्या.

त्यानंतर त्यांनी पेन उचलले आणि खुणेशेजारी लिहिले: सकाळी आठ. नोंद घेताना हात लावला. खाली त्यांनी सही केली, स्वतःची.